नियमांचा सोपेपणा आणि बैठ्या खेळांचे आयुष्य : गंजिफा, सारीपाट आणि पत्ते यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

खेळांचा इतिहास लिहिताना राजाश्रय, साधनांवरील कलाकुसर आणि नामवंत खेळाडूंचे पराक्रम यांना भरपूर जागा मिळते. नियमांच्या वाट्याला मात्र क्वचितच चार ओळी येतात. वस्तुतः खेळ म्हणजे मुळात त्याचे नियमच होत. पट फाटला तर तो खडूने जमिनीवर आखता येतो, सोंगटी हरवली तर तिच्या जागी चिंचोका चालतो. परंतु नियम विस्मृतीत गेले की मागे उरते ती केवळ वस्तू. अशी वस्तू संग्रहालयात शोभते, पण खेळली जात नाही.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांपुरते पाहिले तरी बैठ्या खेळांच्या परंपरेचा पल्ला ध्यानात येतो. मालाडच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेल्या जोगेश्वरीच्या, सहाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या लेण्यात शिव-पार्वतीच्या अक्षक्रीडेचे शिल्प आहे. त्याच परिसरातून जाणाऱ्या लोकलगाड्यांच्या डब्यांत गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्त्यांचे डाव रंगत आले आहेत. या दोन टोकांमधील सुमारे दीड हजार वर्षांत खेळांची साधने बदलली, खेळणारे बदलले आणि नियमही बदलले. या बदलाची सर्वसाधारण दिशा गुंतागुंतीकडून सोपेपणाकडे गेलेली दिसते. असे का झाले आणि त्यात काय गमावले गेले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची मर्यादा व गृहीतक

प्रस्तुत निबंधात महाराष्ट्रात खेळल्या गेलेल्या तीन बैठ्या खेळांचा, म्हणजे गंजिफा, सारीपाट आणि बावन्न पानांचे पत्ते यांचा, नियमांच्या अंगाने विचार केला आहे. तुलनेसाठी पाश्चात्त्य देशांतील युद्धखेळ व त्यांतून निपजलेले भूमिकाखेळ यांचा आधार घेतला आहे. नियम सोपे झाल्याने खेळातील गुंतागुंत नाहीशी होत नाही. ती नियमांतून निघून खेळणाऱ्यांच्या परस्परव्यवहारात जाते, हे या विवेचनाचे गृहीतक आहे.

गंजिफा : वैभव आणि ओझे

गंजिफा हा गोल पानांचा खेळ मोगलांबरोबर भारतात रुळला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आढळतो. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या खेळाचे वर्णन आहे. पुढे दीर्घकाळ प्रचारात राहिलेला मोगल गंजिफा आठ रंगांचा व ९६ पानांचा होता. हिंदू समाजात रूढ झालेल्या दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि १२० पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने असतात.

हा खेळ सामान्यतः तिघे खेळतात. म्हणजे मोगल संचात प्रत्येकाच्या हाती ३२ आणि दशावतारी संचात ४० पाने येतात. हुकमाचा रंग नसतो. निम्म्या रंगांत राजा व प्रधान यांच्याखाली दहा, नऊ, आठ असा उतरता क्रम चालतो. उरलेल्या निम्म्या रंगांत तो उलटतो आणि एक्का वरचा, दश्शा सर्वांत खालचा ठरतो. दशावतारी खेळात दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने आणि रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करावयाची, असा संकेत आहे. आपल्या हातचे कोणते पान त्या रंगात आता सर्वांत वरचे झाले आहे, हे कळण्यासाठी आधी पडून गेलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात. दहा रंगांचा हा हिशेब प्रत्येक हातागणिक बदलत जातो.

येथे बुद्धीला वाव मोठा आहे, यात शंका नाही. परंतु या वावात शिरण्याची वाट अरुंद आहे. नवख्या माणसाला पहिला डाव खेळण्यापूर्वीच दहा रंगांची चिन्हे, त्यांतील सुलटे-उलटे क्रम आणि आरंभाचे संकेत पाठ करावे लागतात. शिकविणारा धीराचा व शिकणारा सवडीचा असेल तरच हे शक्य होते. दरबारात, वाड्यात किंवा देवस्थानाच्या परिसरात अशी सवड होती. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथाच्या कौतुकनिधी या भागात ‘चद’ नावाचे पत्त्यांचे तेरा खेळ नोंदविले. त्यांतील सर्वांत मोठ्या संचात १८ रंग व ३६० पाने आहेत. नियमांचे ऐश्वर्य याहून पुढे जाणे कठीण. पण या संचाला राजवाड्याबाहेर खेळाडू लाभले नाहीत.

महाराष्ट्रात गंजिफाचे नाव सावंतवाडीशी जोडले गेले आहे. तेथील चितारी मंडळी ही पाने हाताने घडवीत व रंगवीत. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळपास लोपली असता सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी तिला राजवाड्यातच आश्रय दिला. मुंबईत दीर्घकाळ राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफाचा संग्रह व अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रयत्नांमुळे कला वाचली. पाने आजही रंगविली जातात, विकत घेतली जातात आणि दिवाणखान्यात मांडली जातात. खेळ मात्र त्या प्रमाणात परतला नाही.

गंजिफाच्या ऱ्हासाचे कारण म्हणून हाताने रंगविलेल्या पानांची किंमत सांगितली जाते. हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. दरबारी प्रतीच्या पानांबरोबर बाजारी प्रतीची साधी, स्वस्त पानेही पूर्वी तयार होत असत. शिवाय पाने पुन्हा मिळू लागल्यावरही डाव पुन्हा मांडले गेले नाहीत. अडसर केवळ पानांच्या किमतीचा असता तर पानांच्या पुनरागमनाने तो काही अंशी तरी दूर झाला असता. म्हणून हा अडसर नियमांच्या अंगानेही तपासणे आवश्यक ठरते.

बावन्न पाने : एक संच, अनेक पायऱ्या

युरोपीयांबरोबर आलेल्या पत्त्यांत रंग चारच आणि पाने बावन्न. इस्पिक व किलवर ही नावे युरोपीय भाषांतून आली. बदाम व चौकट ही नावे चित्रांच्या आकारावरून मराठीने स्वतः दिली. क्रम सर्व रंगांत एकच. त्यामुळे संच ओळखण्यास काही मिनिटे पुरतात. परंतु या संचाचे खरे सामर्थ्य निराळ्या ठिकाणी आहे. गंजिफाच्या संचाबरोबर मुख्यतः एकच खेळ येतो. बावन्न पानांच्या संचातून असंख्य खेळ निघतात आणि ते सोप्याकडून अवघडाकडे पायऱ्यांप्रमाणे लागतात. भिकार-सावकार व गुलामचोर लहान मुलांना खेळता येतात. बदाम सात आणि झब्बू घरातील सर्वांना पुरतात. त्यापुढे पाच-तीन-दोन, मेंढीकोट, रमी आणि शेवटी ब्रिज. खेळाडू आपल्या वयानुसार व आवडीनुसार कोणत्याही पायरीवर थांबू शकतो. आजीला नातवाबरोबर बसता येते, ते याच सोयीमुळे.

पाच-तीन-दोन या खेळाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिघांना प्रत्येकी दहा पाने पुरावीत म्हणून संचातून लहान पाने काढून तीसच ठेवली जातात. एकाने पाच, दुसऱ्याने तीन आणि तिसऱ्याने दोन हात करावयाचे. ज्याचे हात ठरल्यापेक्षा जास्त झाले, त्याने पुढील डावात कमी पडलेल्याकडून पाने ओढावयाची. नियम इतकेच. परंतु या ओढाओढीमुळे एका डावाचे देणे दुसऱ्या डावात जाते, आणि कोणाला किती हात होऊ द्यावेत याचा विचार सुरू होतो. नियम चार वाक्यांत संपतात. त्यांतून निघणारे डावपेच संपत नाहीत.

मेंढीकोटातही हेच आढळते. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, चार दश्श्या पकडण्याची स्पर्धा आणि चारही मिळाल्या तर मेंढीकोट. हुकूम कसा ठरवावा याबाबत घरोघरी निराळी पद्धत असते. डाव सुरू होण्यापूर्वी ती ठरवून घेतली जाते. नियम थोडे असले की ते बदलण्याचा अधिकारही खेळणाऱ्यांच्या हाती राहतो. गंजिफाच्या खेळाडूला नियम परंपरेकडून मिळत. मेंढीकोटाचा खेळाडू ते दर बैठकीत नव्याने मान्य करतो.

उपनगरी जीवन आणि सोपा डाव : मालाडच्या संदर्भात

नियमांच्या सोपेपणाची गरज सामाजिक परिस्थितीतून कशी निर्माण होते, हे मुंबईच्या उपनगरांत स्पष्ट दिसते. पश्चिम मार्गावर कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या १९२८ मध्ये सुरू झाल्या. मालाड याच टप्प्यात येते. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली आणि मालाड महानगराचा अधिकृत भाग झाले. नोकरीचे ठिकाण दक्षिण मुंबईत आणि बिऱ्हाड उपनगरात, ही मध्यमवर्गीय जीवनाची रीत झाली. रोजचा जाण्यायेण्याचा वेळ गाडीतच जाऊ लागला.

या प्रवासात जमणारा फड वाड्यातील बैठकीहून सर्वस्वी भिन्न आहे. वेळ पाऊण ते एक तासाचा. जागा चार गुडघ्यांवर टेकलेल्या ब्रीफकेसएवढी. एक भिडू अंधेरीला उतरतो, त्याच्या जागी दुसरा बसतो. खेळाडूंपैकी एक मराठी, एक गुजराती, एक ईस्ट इंडियन व एक दक्षिणेकडचा असणे मालाडसारख्या बहुभाषिक उपनगरात नित्याचे आहे. अशा फडात टिकेल तो खेळ कोणता? ज्याचे नियम नव्या भिडूला एका स्थानकाच्या अंतरात सांगता येतात, जो अर्धवट सोडला तरी कोणाचे मोठे नुकसान होत नाही आणि ज्यात भाषेपेक्षा पानांची ओळख पुरते, तो. ४० गोल पाने हातात धरून, दहा रंगांचा हिशेब ठेवीत खेळावयाचा गंजिफा येथे तग धरू शकत नाही. त्याचा दर्जा कमी म्हणून नव्हे. त्याला लागणारी बैठक येथे नाही म्हणून.

यावरून नियमांचा सोपेपणा हा खेळाचा केवळ अंगभूत गुण नाही, तो खेळ आणि फड यांच्यातील नात्याचा गुण आहे, असे म्हणता येईल. स्थिर, परिचित आणि सवडीच्या फडाला अवघड नियम पेलतात. बदलत्या, मिश्र आणि घाईच्या फडाला ते पेलत नाहीत.

सारीपाटातून लुडो, मोक्षपटातून सापशिडी

सारीपाटाच्या इतिहासात हीच प्रक्रिया पटावर घडलेली दिसते. कवड्यांवर खेळल्या जाणाऱ्या पचिशीत आणि लांबट फाशांवर खेळल्या जाणाऱ्या सोंगट्यांत दान कसे वापरावे याचे स्वातंत्र्य असे. पडलेले आकडे वेगवेगळ्या सोंगट्यांत वाटता येत. एका घरात दोन सोंगट्यांचे जुग बांधून त्यांना संरक्षण देता येई. भिडूसाठी स्वतःची सोंगटी मागे ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागे. ‘फासे उलटे पडणे’, ‘पोबारा करणे’ यांसारखे मराठीतील वाक्प्रचार या खेळाने दिले, यावरून तो समाजात किती मुरला होता हे कळते.

इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये पेटंट घेतलेल्या लुडोत एकच घनाकृती फासा आला आणि दानाची वाटणी संपली. निर्णयाचा वाव आकुंचित झाला. मात्र पाच वर्षांच्या मुलाला खेळ खुला झाला. हाच सोपा झालेला खेळ मूळ भूमीत परतला आणि घरोघरी सारीपाटाच्या जागी बसला. नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीचा ‘लुडो किंग’ हा मोबाइलवरील खेळ २०१६ मध्ये आला. २०२०च्या टाळेबंदीत दूरदूरच्या नातेवाइकांना त्याने एका पटावर आणले. नियम कोणालाही समजावून सांगावे लागत नव्हते, ही त्याची मोठी शक्ती होती.

मोक्षपटाचे उदाहरण अधिक विचार करावयास लावणारे आहे. परंपरा या पटाचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्याची घरे सद्गुण, दुर्गुण, लोक व अवस्था यांच्या नावांची असत. शिडी कोणत्या पुण्याने लाभते आणि साप कोणत्या पापामुळे गिळतो, हे घर वाचून कळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झालेल्या आवृत्त्यांनी आरंभी नीतिबोध राखला. पण हळूहळू घरांवर केवळ आकडे उरले. येथे नियम सोपे झाले नाहीत, कारण ते मुळातच सोपे होते. गेला तो अर्थ. म्हणून सुलभीकरणाचा विचार करताना नियमांची कपात आणि आशयाची कपात या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या पाहिजेत. पहिलीने खेळ रुंदावतो. दुसरीने तो पोकळ होतो.

पाश्चात्त्य अनुभव : युद्धखेळ ते भूमिकाखेळ

अन्यत्रही नियमांचे हे आंदोलन घडले आहे. प्रशियातील फॉन राइसविट्स पितापुत्रांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ रचला. पुत्राचे नियम १८२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कालांतराने तक्ते आणि हिशेब इतके वाढले की अधिकारी कंटाळले. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने बहुतेक तक्ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मुक्त युद्धखेळ मांडला. तक्त्यांची जागा माणसाच्या विवेकाने घेतली.

याच परंपरेतून पुढे अमेरिकेत भूमिकाखेळ जन्मला. मेजाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र स्वीकारावे, सूत्रधाराने प्रसंग सांगावा, आपले पात्र काय करते ते खेळाडूने बोलून दाखवावे आणि संशयास्पद कृतीचा निर्णय फाशांनी द्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांत आला. त्याचे नियम क्लिष्ट वाटल्याने केन सेंट आंद्रे यांनी १९७५ मध्येच साध्या सहा पैलूंच्या फाशांवर चालणारा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ रचला. पुढे मूळ खेळाच्या प्रगत आवृत्तीचे जाड ग्रंथ निघाले आणि नवशिक्यांसाठी सोपी पेटीही १९७७ पासून निघत राहिली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने अनेक लहानसहान बेरजा-वजाबाक्या काढून त्यांऐवजी दोन फासे टाकून मोठी संख्या घ्यावी, असा एक नियम ठेवला. जॉन हार्पर यांचा २०१३ मधील ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ तर एकाच पानात मावतो.

मराठी वाचकाला यात पूर्णतः अपरिचित असे काही नाही. भातुकलीत मुले भूमिका घेतात, प्रसंग रचतात आणि भांडण झाल्यास जागच्या जागी नियम करतात. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकात नटांना लिखित संहिता नसते. कथेचा आराखडा ठाऊक असतो आणि संवाद रंगमंचावर सुचतात. भातुकलीत आणि दशावतारात लिखित नियम अत्यल्प, पण परस्परांवरील भिस्त मोठी. कमी नियमांचे भूमिकाखेळ याच भिस्तीवर चालतात. म्हणूनच त्यांच्या सोपेपणाला मर्यादाही आहे : सूत्रधार पक्षपाती निघाला किंवा एखादा खेळाडू इतरांवर कुरघोडी करू लागला, तर दाद मागण्यास नियम उरत नाही. जाड नियमग्रंथ नवख्याला भिववितो; पण अबोल खेळाडूचे रक्षणही करतो.

सोपेपणाचे अपवाद

सोपा खेळ सदैव जिंकतो, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. भारतात जुन्या पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके आणि प्रांतोप्रांती नियमांत भेद असत. त्यांच्या जागी आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्याद्याची दुहेरी चाल, कॅसलिंग व वाटेतील प्यादे मारण्याची तरतूद आहे. ते अधिक सोपे नाहीत. तरीही ते स्वीकारले गेले, कारण सर्वत्र एकच असल्याने त्यांनी स्पर्धेचे दार उघडले. सांगलीत १९४१ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांनी खेळाडू घडविले व स्पर्धा भरविल्या. ब्रिजही अवघड असून टिकला, तो मंडळे आणि स्पर्धा यांच्या बळावर. यावरून असे दिसते की अवघड नियमांना शिकविणारी संस्था लागते. सोप्या नियमांना केवळ शेजारी पुरतो. गंजिफापाशी दरबार गेल्यावर संस्था उरली नाही आणि शेजाऱ्याला शिकविता येईल इतका तो सोपाही नव्हता.

निष्कर्ष

१. बैठ्या खेळाचे आयुष्य साधनांच्या किमतीइतकेच नवख्याला प्रवेश किती सुलभ आहे यावर अवलंबून असते.

२. सोपे नियम म्हणजे उथळ खेळ नव्हे. पाच-तीन-दोन व मेंढीकोट यांत गुंतागुंत नियमांतून निघून खेळाडूंच्या संबंधांत गेलेली आढळते.

३. नियमांची कपात आणि आशयाची कपात भिन्न आहेत. मोक्षपटाची सापशिडी होताना दुसरी घडली.

४. अवघड खेळ टिकवावयाचा असेल तर त्याला शिकविणारी संस्था हवी. ती नसेल तर सोपी पहिली पायरी हवी.

शेवटच्या मुद्द्याचा संबंध थेट गंजिफाच्या भवितव्याशी आहे. आजवरचे जतन पानांचे झाले, डावांचे झाले नाही. ज्यांना हा खेळ खेळता येतो अशा वृद्धांकडून नियमांची, स्थानिक भेदांसह, नोंद करणे हे तातडीचे काम आहे. त्याच्या जोडीला चार किंवा पाच अवतारांची पाने वेगळी काढून, सर्व रंगांत एकच क्रम ठेवून खेळावयाचा एक लहान डाव तयार करता येईल. पाच-तीन-दोनसाठी बावन्नातून बावीस पाने बाजूला काढणाऱ्या समाजाला ही युक्ती परकी नाही. लहान डावात रमलेला एखादा खेळाडू पुढे दहाही अवतारांकडे वळेल. इतिहास, ललित कला आणि मराठी या विभागांनी मिळून महाविद्यालयीन पातळीवर असा उपक्रम हाती घेतल्यास सावंतवाडीची पाने दिवाणखान्याच्या भिंतीवरून उतरून पुन्हा खेळणाऱ्यांच्या हातात येऊ शकतील.